खोबरेल, रॉकेल, डिझेल : शिरोड्याच्या किनाऱ्यावरील नौका आणि अग्नी

थंड समुद्रांवर वावरणाऱ्या लहान नौकांच्या खोलीत ऊब निर्माण करणारे एक उपकरण बसविलेले असते. ते कधी रॉकेलवर चालते, कधी डिझेलवर. ब्रिटन, नॉर्वे, डेन्मार्क, कॅनडा या देशांतील मच्छीमारांना व हौशी दर्यावर्दींना त्याचे महत्त्व शिडाइतकेच वाटते. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा गावाच्या किनाऱ्यावर मात्र अशी वस्तू कोणत्याही होडीत नाही आणि तिला नावही नाही. वस्तू नाही म्हणून शब्द नाही, एवढे म्हणून हा विषय संपविता आला असता. पण रॉकेल आणि डिझेल ही दोन्ही तेले या किनाऱ्यावर आली, नौकांत शिरली आणि मच्छीमारांच्या जीवनाची घडी बदलून गेली. तेल तेच, समुद्र तोच. मग त्या तेलांनी येथे कोणते काम केले आणि कोणते केले नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर लेखी कागदपत्रांपेक्षा शब्दांत अधिक स्पष्टपणे सापडते.

प्रथम हवामानाचा विचार केला पाहिजे. शिरोडा हे रेडी आणि आरवली यांच्या सान्निध्यातील गाव. दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्याची हद्द लागते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत हा सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. गावाची कीर्ती दोन कारणांनी झाली. वि. स. खांडेकर यांनी १९२० पासून १९३८ पर्यंत येथील शाळेत अध्यापन केले, आणि १९३० च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्यांतील मिठागरांचा प्रस्तुत विषयाशी संबंध आहे. इंग्लंडातील चेशरसारख्या प्रांतात मीठ काढावयाचे तर खारे पाणी भट्टीवर आटवावे लागे आणि त्यासाठी सरपण व पुढे कोळसा जाळावा लागे. शिरोड्याला ते काम सूर्य करतो. जेथे मिठालाही विस्तव लागत नाही, तेथे होडीत बसलेल्या माणसाला ऊब देण्यासाठी विस्तव लागावा, हे संभवतच नाही.

तरीही या किनाऱ्यावर थंडी नसतेच असे नाही. पौष-माघात पहाटेच्या सुमारास सह्याद्रीकडून समुद्राकडे जो वारा सुटतो त्यास मतलई म्हणतात. शिडाची होडी बाहेर काढण्यास हाच वारा उपयोगी पडे, आणि उघड्या अंगाला झोंबे तोही हाच. यावर उपाय कांबळ्याचा, डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याचा आणि विडीचा. शेकण्यासाठी विस्तव पेटविला जाई तो जमिनीवर, आणि त्याचे नाव आगटी. आगटी ही अंगणातील वा पुळणीवरील गोष्ट होय. ती होडीत चढत नाही. पावसाळ्यात, ज्या दिवसांत ओल्या कपड्यांनी माणूस खरोखर काकडतो, त्या दिवसांत होड्या आणि गलबते शाकारून किनाऱ्यावर ओढलेली असत. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. म्हणजे समुद्रावर जाण्याचा काळ आणि ऊब हवी असण्याचा काळ यांची येथे गाठच पडत नाही. उत्तर समुद्रावरील मच्छीमाराला ही सवलत नाही. हिवाळा हाच त्याच्या मासेमारीच्या हंगामाचा भाग असतो.

याचा अर्थ शिडाच्या काळात नौकेवर विस्तव नव्हता असा मात्र नाही. रापण ओढणारे गाबीत बांधव सकाळी गेले की दुपारी घरी परत. त्यांच्या होडीत अन्न शिजविण्याचे कारण नव्हते. मुंबई, मंगळूर, मलबारपर्यंत जाणारी पडाव, फतेमारी यांसारखी गलबते मात्र आठवडेच्या आठवडे पाण्यावर राहत. त्यांवर माती वा वाळू भरलेल्या लाकडी पेटीत चूल मांडलेली असे आणि तीवर भात व कालवण शिजे. लाकडी नौका, कापडी शीड, काथ्याचे दोर, डांबर आणि माशाचे तेल चोपडलेल्या फळ्या. एवढ्या ज्वलनशील पसाऱ्यात ती एक चूल पेटती ठेवावयाची, तर तिच्यावर एक जबाबदार माणूस असावा लागे. गलबतांवरील व पुढे आगबोटींवरील बोलीत त्याला भंडारी म्हणत. हा भंडारी म्हणजे भांडाराचा, कोठाराचा राखणदार आणि म्हणून स्वयंपाकी. शिरोडा-वेंगुर्ले भागात माडाचा व्यवसाय करणारी जी भंडारी ज्ञाती आहे तिच्याशी या अर्थाची गल्लत होऊ नये. नाखवा (मूळ फारसी ‘नाखुदा’), सारंग (फारसी ‘सरहंग’), तांडेल ही नावे अधिकाराची आहेत. भंडारी हे नाव विश्वासाचे आहे.

या संदर्भात शेगडी हा शब्द विशेष लक्षणीय वाटतो. चूल हा शब्द संस्कृत ‘चुल्ली’पासून आला असून त्यात स्थिरतेची कल्पना गृहीत आहे. शेगडीचे मूळ मात्र ‘शकटी’ म्हणजे लहान गाडी हे होय. संस्कृतात ‘अंगारशकटी’ हा शब्द चाकांवरून इकडे तिकडे नेता येणाऱ्या विस्तवाच्या पात्रासाठी आढळतो. पुढे अंगार गळाला, शकटी उरली आणि तिची शेगडी झाली. गुजरातीतील ‘सगडी’ हे याच कुळातील रूप. हालणाऱ्या ठिकाणी नेता येणारा, बंदिस्त, आटोपशीर विस्तव ही कल्पना आपल्या भाषेत अशी फार जुनी आहे. नौकेतील चूल वस्तुतः शेगडीच होती. लोक तिला चूल म्हणत राहिले, कारण शब्द बहुधा वस्तूच्या घडणीवरून न ठरता घरातील सवयीवरून ठरतो.

आता तेलाकडे वळू. खनिज तेल येण्यापूर्वी कोकणातील दिवा जळे तो खोबरेलावर, करंजेलावर किंवा उंडीच्या बियांपासून काढलेल्या कडू तेलावर, म्हणजे उंडेलावर. या शब्दांच्या अंती येणारे ‘एल’ म्हणजे तेलच होय. ‘एरंडतैल’ या समासातील मधला ‘त’ प्राकृतात लोपला आणि एरंडेल हे रूप सिद्ध झाले. मराठीत ही मालिका इतकी रूढ आहे की शब्दाच्या शेवटी ‘एल’ ऐकू आले की श्रोत्याच्या मनात तेल आपोआप उभे राहते.

१८५९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले आणि खनिज तेलाचा व्यापार सुरू झाला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती त्यापूर्वी दोनच वर्षे, १८५७ साली, निघाली होती. नव्या तेलाचे नाव तीत असणे शक्यच नव्हते. इंग्रजीत या तेलाला दोन नावे मिळाली. गेस्नर याने १८५४ साली ग्रीक ‘केरोस’ म्हणजे मेण या शब्दापासून ‘केरोसीन’ हे नाव घडविले. ब्रिटनमध्ये ‘पॅराफिन’ रुळले. पॅराफिन याचा लॅटिनमधील अर्थ ‘ज्याची कोणाशी फारशी सोयरीक नाही असे’, कारण ते द्रव्य इतर रसायनांशी सहजासहजी संयोग पावत नाही. प्रयोगशाळेत जन्मलेली ही दोन्ही नावे मराठी बोलणाऱ्याने बाजूला सारली आणि स्वतःची दोन नावे केली.

पैकी पहिले नाव घासलेट. हे इंग्रजी ‘गॅसलाइट’चे रूपांतर होय, आणि गुजरातीतही ते याच अर्थाने चालते. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे १८६५ साली लागले. वायू नळातून येई, तेल डब्यातून. दोहोंत साम्य एवढेच की दोन्ही नव्या, पांढऱ्या, झगझगीत उजेडाची साधने होती. सामान्य माणसाने तेलाला नाव दिले ते त्या उजेडाचे. म्हणजे खनिज तेल आपल्याकडे इंधन म्हणून आले नाही, प्रकाश म्हणून आले. आणि ज्या कार्यासाठी ते आले त्या कार्याचे नाव त्याला चिकटले. पुढे दाबाचे तेलदिवे आले तेव्हाही हीच परंपरा चालू राहिली. आरवलीच्या वा आसपासच्या कोणत्याही जत्रेत रात्रभर दशावतार चाले तो ज्या बत्त्यांच्या उजेडात, त्यांत जळे रॉकेलच, पण लोक त्यांना म्हणत गॅसबत्ती. तेलाला वायूचे नाव आणि वायूच्या नावाने तेलाचा दिवा, असा हा दुहेरी व्यवहार आहे. (घासलेटी हे विशेषण हलक्या प्रतीच्या वाङ्मयाला लागले, ही त्या शब्दाची पुढील अधोगती.)

दुसरे नाव रॉकेल. हे ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकाचे तेल. ‘पेट्रोलियम’ या लॅटिन शब्दाचाही अर्थ नेमका हाच. परंतु ‘रॉक ऑइल’चे मराठीत ‘राकाइल’ वा ‘रॉकॉइल’ झाले नाही, रॉकेल झाले, ही गोष्ट नजरेतून निसटता कामा नये. खोबरेल, करंजेल, एरंडेल यांच्या पंक्तीत बसण्याजोगे रूप मिळताच परका शब्द घरचा झाला. जणू रॉक नावाचे एखादे बी असावे आणि घाण्यावर गाळून त्याचे तेल काढलेले असावे! विदर्भात याच तेलाला मातीचे तेल म्हणतात, तेथे भाषांतर झाले. कोकणात आणि देशावर कानाने काम केले.

रॉकेल शिरोड्यासारख्या गावी पोहोचले ते पत्र्याच्या चौकोनी डब्यातून. डब्यात सुमारे अठरा लिटर तेल मावे. प्रथम अमेरिकेचे तेल येई, मग बाटुमचे रशियन. १८९२ साली मार्कस सॅम्युएल याचे ‘म्युरेक्स’ हे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले आणि तेल डब्यांऐवजी जहाजाच्या टाकीतूनच आणता येऊ लागले. तरी खेड्यातला शेवटचा टप्पा डब्याचाच राहिला. रिकामा डबा तेलाहून अधिक काळ टिके. पाणी भरण्यास, मासळी ठेवण्यास, होडीतील पाणी उपसण्यास त्याचा उपयोग होई. कंदील (हा शब्द लॅटिन ‘कांदेला’पासून ग्रीक व अरबी मार्गाने आपल्याकडे आलेला) रॉकेलवर जळू लागल्यावर नौकेतील पहिले खनिज तेल आले, तेही उजेडासाठी. वाऱ्यात न विझणारी काचेची बत्ती हा रात्रीच्या मासेमारीला मोठाच आधार झाला.

याच १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्ह तयार केला. टाकीत पंपाने हवा भरावयाची, दाबाने तेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, आणि बारीक छिद्रातून बाहेर पडून ती निळ्या ज्योतीने जळते. मराठी घरांत या स्टोव्हची पंपाचा आणि वातीचा अशी वर्गवारी झाली व तो चहाशी आणि पाहुण्यांशी जोडला गेला. थंड प्रदेशांत त्याच यंत्राचे नशीब निराळे ठरले. नान्सेन याने १८९३ ते १८९६ च्या उत्तर ध्रुवाकडील प्रवासात तो बरोबर नेला. तेथे बर्फ वितळविल्याशिवाय पिण्यास पाणी नाही, म्हणून स्टोव्ह म्हणजे विहीर. १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतणाऱ्या स्कॉटच्या तुकडीला वाटेवरील साठ्यांत रॉकेल अपेक्षेहून कमी आढळले, आणि तिच्या शेवटच्या दिवसांतील हालअपेष्टांत ही तूट भयंकर ठरली. शिरोड्यास रॉकेल संपले तर अंधार होई. तेथे मृत्यू आला.

स्टोव्हच्याच तत्त्वावर नौकेतील खोली तापविण्याची उपकरणे निघाली. त्यांच्या रचनेत एक मोठी अडचण होती. रॉकेल जळताना पाण्याची वाफ होते; एक लिटर तेल जळले तर एक लिटरहून थोडे अधिकच पाणी हवेत मिसळते. धुराडे नसलेले उपकरण लावले तर खोली उबदार होते, पण भिंती व अंथरुणे ओली होतात. आणि हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन विषारी वायूने झोपलेली माणसे दगावतात. म्हणून शहाण्या दर्यावर्दीने धुराडे पत्करले. डिझेलच्या साध्या उपकरणात उंचावरील टाकीतून तेल थेंबथेंब एका भांड्यात पडते, तापलेल्या भांड्यात त्याची वाफ होऊन ते जळते, आणि धूर नळीने छतावरून बाहेर जातो. मराठी वाचकाला हे समजण्यास दूर जावे लागत नाही. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब याच न्यायाने चालतो : मध्ये विस्तवाची नळी, धूर वर, उष्णता भोवताली. बंब हा शब्दही समुद्रावरूनच आलेला; पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप. आपल्याकडे विस्तवाने पाणी तापविले, त्यांच्याकडे हवा.

मग कोकणी माणसाची आणि थंड समुद्राची गाठ कधी पडलीच नाही काय? पडली, आणि ती त्याच्या स्वतःच्या नौकेत नव्हे तर परक्यांच्या जहाजावर. वाफेचे जहाज आले तेव्हा मराठीने त्याला आगबोट म्हटले. शिडाच्या गलबतात विस्तव हा एका कोपऱ्यातील पाहुणा होता. नव्या जहाजात तोच यजमान झाला, म्हणून त्याचे नाव सबंध जहाजाला मिळाले. वेंगुर्ल्याच्या बंदराला मुंबईच्या आगबोटी लागत. दूरच्या समुद्रावरील ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरी जिल्ह्यातील, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातील, खलाशी डेकवर काम करीत. गोव्याचे ख्रिस्ती लोक भोजनगृहात असत, आणि भट्टीपाशी बहुतेक पंजाबकडील व पठाण मजूर. या मिश्र समूहाची एक स्वतंत्र हिंदुस्थानी बोली होती. तिचा कोश टॉमस रोबक याने १८११ साली प्रसिद्ध केला आणि जॉर्ज स्मॉल याने १८८२ साली तो सुधारून काढला. तिच्यात भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला, कोळसा वाहणारा तो कोयलावाला, यंत्रांना तेल घालणारा तो तेलवाला. आग, कोळसा आणि तेल ही तिन्ही द्रव्ये अशी माणसांची नावे झाली.

परंतु आग ज्यांच्या हाती होती, ऊब त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कायद्याप्रमाणे युरोपीय खलाशाला राहण्यास ७२ घनफूट जागा देणे बंधनकारक होते. हिंदी खलाशाला ३६ घनफूट पुरेशी मानली जाई. १९०६ साली ब्रिटिश खलाशाचे माप १२० घनफुटांवर गेले. दाटीवाटीने राहणाऱ्यांना ऊब आपोआप मिळते, असा विचार कोणी केला असेल तर नवल नाही. दुसरीकडे, उत्तर अटलांटिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर ३८ अंश अक्षांशाच्या पलीकडे हिवाळ्यात हिंदी खलाशांना नेण्यास निर्बंध होता. वरवर पाहता ही दया. प्रत्यक्षात थंडीचे कारण पुढे करून त्यांची नोकरी, त्यांचे क्षेत्र आणि त्यांचे वेतन मर्यादित ठेवण्यास तो निर्बंध सोयीचा होता. खोली तापविण्याचे साधन बसविणे अशक्य नव्हते. नकाशावर रेघ ओढणे स्वस्त होते. लंडनमध्ये अडकून पडलेल्या आशियाई खलाशांसाठी लाइमहाउस भागात १८५७ साली एक निवासगृह उघडण्यात आले, त्यामागे हिवाळ्यात रस्त्यावर गारठून मेलेल्या लस्करांची दीर्घ परंपरा होती. कोकणच्या नाविक इतिहासात ‘नौकेतील ऊब’ हा विषय खऱ्या अर्थाने येतो तो येथे, आणि तोही उणिवेच्या रूपाने.

आगवाल्याचा धंदा बुडविला तो डिझेलने. रूडॉल्फ डिझेल याचे पहिले यशस्वी यंत्र १८९७ साली चालले. १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलांडिया’ हे जहाज डिझेलवर महासागर ओलांडू लागले. आणि पुढच्याच वर्षी, १९१३ च्या सप्टेंबरात, इंग्लंडकडे निघालेल्या बोटीवरून डिझेल स्वतः रात्रीतून नाहीसा झाला. त्याचे नाव मात्र मराठीत असे काही बसले की ते आडनाव आहे याची कोणास जाणीव नाही. कारण उघड आहे : खोबरेल, रॉकेल, डिझेल. तिसऱ्या शब्दातील ‘एल’चा तेलाशी काडीचा संबंध नाही, तो एका जर्मन घराण्याच्या नावाचा शेवट आहे. पण मालिकेने त्याला आपल्यात ओढून घेतले. रॉकेलमधील ‘एल’ने निदान इंग्रजी तेलाचा अर्थ राखला होता, डिझेलमध्ये केवळ यमक आहे, आणि भाषेला तेवढे पुरते.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीचे यांत्रिकीकरण सुरू झाले. १९५३ साली केरळात नीण्डकरा येथे नॉर्वेच्या साहाय्याने सुरू झालेला प्रकल्प हा त्यातील प्रसिद्ध टप्पा. नॉर्वेच्या लोकांनी आपल्या थंड समुद्रावरचा अनुभव येथे आणला. त्यातील यंत्र येथे रुजले, खोली तापविण्याचे उपकरण अर्थातच त्यांच्याकडेच राहिले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डिझेलने मतलई वाऱ्याची मिरास संपविली. पहाटे वारा कोठून सुटतो यावर होडीचे जाणे अवलंबून राहिले नाही. ते अवलंबून राहिले डिझेलच्या भावावर आणि त्यावरील कराच्या परताव्यावर. रापण ओढणारे आणि यांत्रिक नौकावाले यांच्यातील कलह याच बदलातून उद्भवला. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आणि पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा २०१६ चा शासकीय आदेश यांच्या मुळाशी शेवटी हाच प्रश्न आहे : वाऱ्याने जाणाऱ्याचा समुद्र कोठे संपतो आणि तेलाने जाणाऱ्याचा कोठे सुरू होतो.

डिझेलच्या नौकेला आगबोटीसारखे आगीचे नाव मिळाले नाही, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. तिला लाँच म्हणतात, ट्रॉलर म्हणतात, इंजिनाची होडी म्हणतात. विस्तव यंत्राच्या पोटात गेला आणि डोळ्यांआड झाला. जे दिसत नाही त्याचे नाव कोण ठेवील? उरला तो आवाज आणि वास. अनेक दिवस समुद्रावर राहणाऱ्या नौकांवर स्वयंपाक होतोच, तो आता बहुधा सिलिंडरच्या वायूवर. आणि ज्या उपकरणावर तो होतो त्याचे नाव, शकटीला चाके होती त्या काळापासून चालत आलेले, गॅसची शेगडी.